बेंगाल घरात येण्याआधी: जाळी, फळ्या, वाळू आणि रोजचा एक तास

आमच्या चकलीनं, म्हणजे बेंगाल जातीच्या आमच्या मांजरीनं, घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तीन उद्योग केले. बेसिनच्या नळाची दांडी वर ढकलून पाणी सुरू करायला शिकली. पडद्याच्या रॉडवरून चालत माळ्यावर पोचली. आणि मी हौसेनं मागवलेल्या मखमली गादीकडे ढुंकूनही न बघता, गादी ज्या खोक्यातून आली त्या खोक्यात जाऊन झोपली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग नुसतं खोकंच आणायचंस की!"

चूक माझी होती. मी खरेदी उलट्या क्रमानं केली होती: आधी गादी, रंगीत वाडगे, घुंगराचा पट्टा, आणि जाळीवाल्याला फोन सगळ्यात शेवटी. चपळ जातीच्या मांजरासाठी हा क्रम बरोबर उलटा हवा. या लेखातल्या पायऱ्या त्या सुलट्या क्रमानं लिहिल्या आहेत. उदाहरण बेंगालचं आहे, कारण तीच माझ्या घरात आहे, पण ॲबिसिनियन, सयामी, ओरिएंटल यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. पर्शियनवाल्यांनी मात्र हा लेख सोडून दिला तरी चालेल. तुमची लढाई कंगव्याशी आहे, आमची गुरुत्वाकर्षणाशी.

हे मांजर आहे तरी काय

बेंगाल ही जात अमेरिकेत कॅलिफोर्नियात जीन मिल या बाईंनी घडवली. आशियातल्या जंगलात राहणारं लेपर्ड कॅट नावाचं लहान रानमांजर आणि पाळीव मांजर यांच्या संकरातून ती आली. १९६३ साली त्यांनी असा पहिला संकर केला, पण खरं काम १९८० नंतर उभं राहिलं. 'टिका' या आंतरराष्ट्रीय मांजर संस्थेनं १९८६ मध्ये जातीची नोंद घेतली आणि १९९१ मध्ये तिला स्पर्धेत पूर्ण दर्जा दिला. आपल्याला गंमत वाटावी असा भाग पुढे आहे. १९८२ च्या सुमारास जीन मिल भारतात आल्या असताना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारं, सोनेरी अंगावर तपकिरी ठिपके असलेलं एक भटकं मांजर त्यांना मिळालं. त्याचं नाव पडलं 'टोरी ऑफ दिल्ली', आणि आजच्या बहुतेक बेंगालांच्या वंशावळीत ते सापडतं. तेव्हा आपण परदेशी म्हणून जे मांजर महागात घेतो, त्याचा एक पूर्वज दिल्लीचा बेवारशी बोका आहे.

रानमांजराशी झालेल्या पहिल्या संकराच्या पिल्लांना एफ-१ म्हणतात, पुढच्या पिढीला एफ-२, असं. घरात पाळायचं ते एफ-४ किंवा त्यापुढचं. त्याआधीच्या पिढ्यांचा स्वभाव सांभाळणं घरगुती माणसाचं काम नाही. शिवाय लेपर्ड कॅट आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे, म्हणून "हा एफ-१ आहे, एकदम जंगली" असं कोणी कौतुकानं सांगायला लागला तर तिथून उठावं.

आता स्वभाव. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण बेंगाल पाळणाऱ्यानं फ्रिजवर चिकटवून ठेवायला हवी. या मांजराला दिवसभर काम लागतं. चढणं, शोधणं, पकडणं, उघडणं यातलं काही मिळालं नाही तर ते स्वतः काम काढतं, आणि त्याची कामं आपल्या सोफ्यावर होतात. दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतत असाल, तर मी स्पष्टच सांगते, ही जात घेऊ नका. सोसायटीच्या पार्किंगमधलं एखादं शांत देशी मांजर तुमच्या घरात जास्त सुखी होईल.

पिल्लू ठरवताना

किमान १२ आठवडे आईपाशी आणि भावंडांत राहिलेलं पिल्लू घ्या. चावण्याची मर्यादा पिल्लू तिथंच शिकतं. दीड महिन्याचं पिल्लू दिसतं गोड, पण पुढे वर्षभर हात रक्ताळतात. पिल्लू ज्या घरात वाढलं ते घर आणि आई बघायला मागा. फक्त फोटो आणि "कुरिअरनं पाठवतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

कागदांत दोन गोष्टी बघायच्या: वंशावळीचा दाखला आणि आईबापांच्या तपासण्या. बेंगालमध्ये पायरूव्हेट कायनेज या एन्झाइमची कमतरता आणि डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए-बी हे दोन आनुवंशिक दोष डीएनए चाचणीत कळतात. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, एचसीएम, मात्र या जातीत डीएनएवरून कळत नाही. त्यासाठी आईबापांची हृदयाची सोनोग्राफी लागते. "आमच्याकडे कधीच कुणाला काही झालं नाही" हे त्याचं उत्तर नव्हे.

पिल्लाची शी पातळ असेल तर "जागा बदलल्यामुळे" असं म्हणून दोन आठवडे घालवू नका. जिथं बरीच मांजरं एकत्र वाढवतात तिथून आलेल्या पिल्लांत जिआर्डिया आणि ट्रायट्रायकोमोनस हे सूक्ष्म परजीवी बरेचदा निघतात, आणि साध्या जंताच्या औषधानं ते जात नाहीत. शीचा नमुना तपासून घ्या.

पहिली पायरी: जाळी

पिल्लू येण्याच्या आधी, नंतर नाही. सहाव्या मजल्यावरून पडूनही मांजर उभं राहतं, अशा गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. न्यूयॉर्कच्या १९८७ च्या ज्या प्रसिद्ध अभ्यासावरून त्या निघाल्या, त्यात उंचावरून पडून दवाखान्यात आणलेली १३२ मांजरं होती आणि त्यातली सुमारे ९० टक्के वाचली. पण जी जागेवरच गेली त्यांना दवाखान्यात आणलंच कोणी नसणार, ते आकड्यात दिसत नाही. आणि वाचलेल्यांच्या छातीला मार, जबडा फुटणं, पाय मोडणं हे होतंच.

आपल्याकडे बाल्कनीला असते ती कबुतरांची नायलॉन जाळी. ती कबुतरांसाठी आहे. बेंगाल ती दातांनी कुरतडते आणि नखांनी चढते, आणि दोन वर्षं उन्हात तापलेला नायलॉन हातानंही तुटतो. स्टेनलेस स्टीलची, साधारण एक इंची चौकोनांची वेल्डेड जाळी चौकटीत बसवून घ्या. हल्ली 'इनव्हिजिबल ग्रिल' नावानं उभ्या तारा लावतात. त्यांत दोन इंचांच्या आसपास अंतर असतं. मोठं मांजर त्यातून जात नाही, पण तीन महिन्यांचं पिल्लू जाऊ शकतं. डोकं गेलं की अंग जातं, हा हिशेब लक्षात ठेवा. भाड्याच्या घरात ड्रिलिंगला परवानगी नसेल तर खिडकीच्या मापाची वेगळी चौकट करून ती आतून अडकवता येते.

सरकत्या खिडक्या बेंगाल पंजानं उघडते. डासांची जाळी तर ढकलली की उघडतेच. प्रत्येक सरकत्या झडपेला छोटं कुलूप किंवा अडसर लावा.

जाळीवाला येऊन गेला की त्याच दिवशी घरभर हातापायांवर रांगत एक फेरी मारा. हसतील घरचे, हसू द्या. बाथरूममधल्या भरलेल्या बादल्यांना झाकणं, कारण या जातीला पाण्याचं वेड असतं आणि लहान पिल्लू उंच बादलीतून बाहेर येऊ शकत नाही. वॉशिंग मशीनचं दार कायम बंद, आणि लावण्याआधी ड्रममध्ये हात घालून बघायची सवय. गॅसच्या बटणांवरून मांजर चालतं, म्हणून काम झालं की रेग्युलेटर बंद. केसांचे रबर, शिवणाचा दोरा, राखीचा धागा, पतंगाचा मांजा हे सगळं बंद डब्यात. गिळलेला दोरा आतड्यात अडकून आतडं गोळा करतो. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ते ओढू नका, तसंच डॉक्टरकडे न्या.

विषाची यादी पाठच करावी. खरी लिली, म्हणजे पुष्पगुच्छात येते ती मोठी सुगंधी फुलांची, मांजराच्या मूत्रपिंडाचा घात करते. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी पुरतात. पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घेऊ शकते. डांबरगोळ्या, फिनेल, डेटॉलसारखी फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, कारण आपण जे सहज पचवून टाकतो ते त्याला नीट मोडता येत नाही. फरशी पुसायला साबणाचं पाणी घ्या आणि वाळल्यावरच मांजराला सोडा. कुत्र्यासाठी आणलेलं पर्मेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजराला कधीही लावू नका. कांदा, लसूण आणि त्यांची फोडणी घातलेला रस्सा हेही वर्ज्य. "थोडासा तांबडा रस्सा चाटला तर काय होतंय" हे आमच्याकडे कोल्हापूरच्या पाहुण्यांना प्रत्येक वेळी समजावावं लागतं.

दुसरी पायरी: उंची

बेंगालसाठी घर क्षेत्रफळात मोजायचं नाही, उंचीत मोजायचं. पाचशे फुटांच्या घरात चार भिंतींवर वाटा केल्या तर ते तिला पुरतं. हजार फुटांच्या घरात नुसती फरशी असेल तर पुरत नाही.

सगळ्यात स्वस्त उंची आपल्या घरात आधीपासूनच असते: कपाटाचा माथा आणि माळा. कपाटावरच्या सूटकेसेस हलवा, वर जुनी सतरंजी टाका आणि तिथं पोचायला दोन-तीन पायऱ्या करा. आम्ही सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायच्या फळ्या करून घेतल्या, रुंदी १० ते १२ इंच, लांबी दोन फूट. वर चटईचा किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा चिकटवला, म्हणजे उडी मारताना पाय घसरत नाही. दोन फळ्यांमधलं उभं अंतर एक ते दीड फूट ठेवलं. मोठी बेंगाल याहून कितीतरी उंच उडते, पण उतरताना सांध्यांना त्रास नको आणि म्हातारपणीही तीच वाट वापरता यायला हवी.

इथं एक सूचना सुताराला मुद्दाम द्या. नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बरेचदा सिपोरेक्सच्या असतात. त्यांत साधी गिट्टी आणि स्क्रू धरत नाही, आज घट्ट वाटलं तरी महिन्याभरात ढिलं होतं. अशा हलक्या ब्लॉकसाठी वेगळे फास्टनर येतात, ते वापरायला सांगा. आमचा सुतार म्हणाला, "ताई, पाच किलोचं तर मांजर, एवढं काय!" मी त्याला म्हटलं, पाच किलो ठेवायचे नाहीत, पाच किलो सहा फुटांवरून आदळायचे आहेत. फळी बसवली की दोन्ही हातांनी पूर्ण जोर देऊन दाबून बघा. किरकिरली तर काढून परत.

भिंतीला हात लावता येत नसेल तर तयार कॅट ट्री, म्हणजे चढायला-बसायला फळ्या असलेलं मांजराचं झाड. त्यात रंग बघू नका, बूड बघा. किमान पाच-साडेपाच फूट उंच, बूड रुंद आणि जड, आणि वरच्या टोकाला धरून हलवल्यावर डुलत नसेल असा. ऑनलाइन मिळणारे बरेच कॅट ट्री सुस्त मांजराला पुरतात. धावत येऊन त्यांवर झेप घेतली की झाडासकट मांजर खाली येतं, आणि एकदा पडलेल्या झाडावर ते पुन्हा पाय ठेवत नाही.

नखं घासायचा खांब ही वेगळी गरज. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल एवढा तो उंच हवा, म्हणजे तीन फूट. बाजारात मिळणारे दीड फुटी खांब पिल्लासाठी ठीक, नंतर ते शोभेचे. त्यावर घायपाताचा दोर घट्ट गुंडाळलेला असावा. घरी करणं सोपं आहे: जाड लाकडी खांब, दीड फूट चौरस जाड बूड, आणि फेविकॉल लावत लावत आठ मिलिमीटरचा घायपाती दोर. खांब कोपऱ्यात दडवू नका. नखं घासणं ही मांजराची पाटी असते, "इथं मी राहते" अशी. ती दाराशी, सोफ्याच्या शेजारी, झोपून उठल्यावर ते पहिल्यांदा ताणतं तिथंच हवी.

तिसरी पायरी: वाळूचं भांडं

मांजरं जितकी, भांडी त्याहून एक जास्त. एका मांजराला दोन. हा नियम ऐकून सगळे नाक मुरडतात, पण घरात कोपऱ्यात शी झाल्याच्या तक्रारी मी जितक्या ऐकल्या, त्यातल्या बऱ्याच दुसरं भांडं ठेवल्यावर संपल्या.

भांड्याची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. दुकानातलं 'लार्ज' बेंगालला अपुरं पडतं. घरसामानाच्या दुकानातला दोन-सव्वादोन फुटी प्लास्टिकचा पेटारा घ्या आणि एका बाजूला तापलेल्या सुरीनं खालून सहा इंचांवर प्रवेश कापा. बाकीच्या तीन बाजू उंच राहतात. बेंगाल माती खणते ती विहीर खणल्यासारखी, आणि काही तर उभ्यानं लघवी करतात. झाकणाचं भांडं आपल्याला बरं वाटतं, मांजराला आत कोंडल्यासारखं होतं. वास झाकण्यापेक्षा दिवसातून दोनदा उपसा.

वाळू कुठली? बारीक कणांची, वास न घातलेली, गठ्ठा धरणारी बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) बहुतेक मांजरांना आवडते. दोन ते तीन इंच थर. तिची धूळ उडते आणि कण घरभर पसरतात, त्यासाठी भांड्यासमोर काथ्याचं पायपुसणं टाका. टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याची, वाळू हलकी आणि कमी धुळीची, पण कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघडी राहिली तर तिला बुरशी येते आणि किडे होतात. आम्ही जून ते सप्टेंबर बेंटोनाइट, पुढे टोफू असं करून बघितलं आणि चकलीला बदल अजिबात पटला नाही, म्हणून आता बाराही महिने बेंटोनाइट. मांजरानं एकदा पसंत केलेली वाळू शेजारणीच्या सल्ल्यानं बदलू नये. बेंटोनाइट कमोडमध्ये कधीही टाकू नका, फुगून पाइप तुंबतो. अगदी लहान, तोंडात सगळं घालणाऱ्या पिल्लाला मात्र गठ्ठा धरणारी वाळू नको, त्याला लाकडी गोळ्या ठेवा.

घरात कोणी गरोदर असेल तर वाळू उपसण्याचं काम दुसऱ्यानं घ्यावं. गर्भाला धोका असलेल्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी शीमधून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे रोज उपसल्यानंच निम्मी काळजी मिटते. मांजर घालवून देण्याचं कारण नाही, सासरच्यांनी कितीही सुचवलं तरी.

चौथी पायरी: खाणं आणि पाणी

शाकाहारी घरातून हमखास येणारा प्रश्न: दूधभात चालेल का? नाही. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करता येत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा बिघडतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. १९८७ मध्ये हा हृदयाचा संबंध स्पष्ट झाला आणि त्यानंतर तयार खाद्यांत टॉरिन वाढवलं गेलं. डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणीत ठीक आहे. प्रत्यक्षात मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात.

नुसतं उकडलेलं चिकन हेही पूर्ण अन्न नव्हे. त्यात कॅल्शियम फार कमी, आणि उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी आपण ओतून देतो. आठवड्यातून एक-दोनदा मीठमसाला न घातलेले तुकडे खाऊ म्हणून द्या. सुके बोंबील, सुकट हे मिठामुळे टाळा.

पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागचा मजकूर वाचा. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलेलं हवं. 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणजे तोंडी लावणं. ओल्या आणि कोरड्या खाद्याच्या प्रथिनांची तुलना सरळ होत नाही, आधी पाणी वजा करावं लागतं. कोरड्यात ३४ टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी असेल तर ३४ भागिले ९०, म्हणजे जवळपास ३८ टक्के. पाउचवर ९ टक्केच लिहिलंय, पण पाणी ८० टक्के आहे, तर ९ भागिले २०, म्हणजे ४५ टक्के. पाउच सरस निघालं.

किती द्यायचं? साडेचार किलोच्या, नसबंदी झालेल्या, चळवळ्या मांजराला दिवसाला साधारण २६० ते ३०० किलोकॅलरी. १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी असलेलं कोरडं खाद्य असेल तर ७० ते ८० ग्रॅम. एक ८५ ग्रॅमचं पाउच दिलं, ज्यात साधारण ७० किलोकॅलरी असतात, तर कोरड्यातले १८ ग्रॅम कमी करा. वाटीनं मोजू नका, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. महिन्यातून एकदा मांजराचंही वजन करा: आधी त्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी.

हे सगळं एका वाडग्यात एकदम ओतलं तर दोन मिनिटांत संपतं आणि उरलेला दिवस मांजर पुन्हा बेकार. इथं माझं आवडतं साधन आप्पेपात्र. खळग्यांत थोडे थोडे दाणे टाका आणि प्रत्येक खळग्यावर टेबल टेनिसचा चेंडू ठेवा. चेंडू ढकलून खाली काय आहे ते शोधायला चकलीला पंधरा मिनिटं लागतात. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रेही चालतो. दिवसाचं निम्मं खाणं असं शोधून खायला लावा.

पाणी किलोमागे साधारण ५० मिलिलिटर, खाण्यातलं धरून. पसरट, मिशा न टेकणारं चिनी मातीचं किंवा स्टीलचं भांडं, खाण्यापासून आणि वाळूपासून लांब, घरात दोन-तीन ठिकाणी. उन्हाळ्यात माझी नागपूरची नणंद तिच्या ॲबिसिनियनसाठी मातीचं पसरट भांडं ठेवते, पाणी थंड राहतं. विजेवरचं कारंजं बेंगालला फार आवडतं, पण त्याचा पंप दर आठवड्याला उघडून धुवायची तयारी असेल तरच घ्या. मुंग्यांसाठी जुना उपाय: खाण्याचा वाडगा पाण्याच्या थाळीत ठेवा. पावसाळ्यात मोठी पोती घेऊ नका, महिन्यात संपेल एवढंच पाकीट, आणि तेही घट्ट झाकणाच्या डब्यात पाकिटासकट.

पाचवी पायरी: तो एक तास

लेखातला सगळ्यात फुकट आणि सगळ्यात अवघड भाग हाच. सकाळी १५ मिनिटं, संध्याकाळी दिवेलागणीला २०, रात्री झोपण्याआधी १५, आणि मधे केव्हातरी १० मिनिटं शिकवणी. मांजराचं रक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला उसळतं, त्यामुळे या वेळा त्याच्या सोयीच्या आहेत.

खेळणं एकच पुरे: काठीला दोरी, दोरीच्या टोकाला पिसं. काठी मांजराच्या तोंडासमोर नाचवू नका. शिकार कधी शिकाऱ्याच्या तोंडात उडी मारत नाही. पिसं सोफ्याआड सरपटवा, थांबवा, थरथरवा, पळवा. मांजर दबा धरून बसलेलं असतं तोही खेळच आहे, "खेळतच नाही ही" म्हणून उठून जाऊ नका. शेवटी शिकार पकडू द्या आणि लगेच खायला द्या. पकडणं, खाणं, अंग चाटणं, झोपणं ही त्याची साखळी आहे. रात्री अकराला ती पूर्ण झाली तर पहाटे चारला तुमच्या छातीवर नाच होत नाही. लेझर वापरलाच तर शेवटी ठिपका खऱ्या खाऊवर नेऊन थांबवा, नाहीतर न सापडणाऱ्या भक्ष्यानं मांजर चिडखोर होतं. काठी खेळानंतर कपाटात, दोरीमुळे.

शिकवणीसाठी टिकटिक आवाजाचं बॉलपेन पुरतं. टिक वाजलं की लगेच खाऊ, असं वीस-तीस वेळा. मग स्टुलावर चढल्यावर टिक, खाऊ. ओट्यावरून हाकलत बसण्यापेक्षा "स्टूल" म्हटल्यावर स्टुलावर जायला शिकवणं सोपं. आठवड्यात जमतं. पाण्याचा फवारा मारू नका. त्यानं मांजर ओट्यावर जायचं थांबत नाही, तुम्ही घरात असताना थांबतं.

पळायचं चाक घ्यावं का, हा प्रश्न प्रत्येक बेंगालवाला विचारतो. चाकाचा व्यास निदान चार फुटांच्या जवळ हवा, नाहीतर पळताना पाठ वाकते. म्हणजे फ्रिजएवढी जागा आणि बरेच पैसे. माझं मत: वर्षभर वरचा तास पाळा, मग ठरवा. बऱ्याच घरांत त्या चाकावर कपडे वाळताना पाहिलेत मी.

अंगणात किंवा गच्चीवर नेणार असाल तर छातीला आणि पोटाला वेढणारा हार्नेस, आधी घरात दोन आठवडे सवय करून. गळपट्ट्याला दोरी बांधू नका. खेळल्यावर तोंड उघडून धाप लागली आणि दोन-तीन मिनिटांत थांबली नाही, तर हृदयाची तपासणी करून घ्या. वर एचसीएमचा उल्लेख केला तो यासाठीच.

अंगाची निगा

यात बेंगाल आपल्याला सुटका देते. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश किंवा ओला हात फिरवला की झालं. आंघोळ नको. नखांची टोकं दोन-तीन आठवड्यांनी, फक्त पारदर्शक भाग. आतली गुलाबी शीर टाळायची. एका बैठकीत चारही पंजे व्हायलाच हवेत असं नाही, झोपेत असताना एक पंजा आज, एक उद्या. दात मांजरांच्या पेस्टनं घासायचे, आपली टूथपेस्ट नाही. ॲबिसिनियनवाल्यांनी हिरड्यांकडे जास्त लक्ष द्या. खाण्यासाठी हिरवळ हवी असेल तर घटस्थापनेला पेरतो तसे गहू कुंडीत पेरा, आठवड्यात तयार. पावसाळ्यात अंगावर गोल टक्कल दिसलं तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते आपल्यालाही होतं, म्हणून घरगुती मलमात वेळ घालवू नका.

डॉक्टर, पेटी आणि गावाला जाणं

पहिली तिहेरी लस आठव्या आठवड्याच्या सुमारास, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, आणि वर्षानं बूस्टर. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. घरातल्या घरात राहणाऱ्या मांजरालाही रेबीज द्याच, आपल्या देशात हा वादाचा विषय नाही. नसबंदी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान. पुण्यात राहत असाल तर मांजराची महापालिकेकडे नोंदणी करा. २०२२ मध्ये महापालिकेनं कुत्र्यांप्रमाणे मांजरांसाठीही ती सक्तीची करण्याचा निर्णय घेतला, आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो.

प्रवासाची पेटी कडक प्लास्टिकची, वरून झाकण उघडणारी घ्या. पारदर्शक घुमट असलेल्या पाठपिशव्या फोटोत छान दिसतात, मांजराला त्यात लपायला जागा नसते आणि उन्हात त्या तापतात. पेटी माळ्यावर टाकू नका. दिवाणखान्यात दार उघडं ठेवून, आत जुनी ओढणी घालून कायमची पडू द्या. चकली दुपारी तिथंच झोपते. दिवाळीत फटाके सुरू झाले की ती स्वतःहून आत जाते आणि आम्ही पेटी आतल्या खोलीत सरकवतो.

तीन गोष्टींत सकाळची वाट बघायची नाही. बोका वारंवार भांड्यात बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंब नाही: मूत्रमार्ग अडकला आहे, दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. दिवसभरात काहीच खाल्लं नाही: मांजराच्या यकृतावर उपासाचा फार लवकर परिणाम होतो. झोपेत असताना श्वास मिनिटाला तीसहून जास्त: पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आजच शोधून ठेवा. मी तो रात्री दोनला शोधला होता, आणि ज्या ठिकाणी 'चोवीस तास' अशी पाटी होती तिथं शटर खाली होतं.

गावाला जाताना मांजर पाळणाघरात सोडण्यापेक्षा ओळखीच्या माणसानं दोनदा घरी येणं बरं. त्याच्यासाठी फ्रिजवर चिठ्ठी लावून जा. आमची अशी असते: सकाळी ३५ ग्रॅम, संध्याकाळी ३५ ग्रॅम, आप्पेपात्र ओट्याखाली. वाळू दोन्ही वेळा. काठी कपाटात, वरचा कप्पा, खेळून झाल्यावर परत तिथंच. वजन ४.४ किलो. डॉक्टरांचा नंबर, रात्रीच्या दवाखान्याचा नंबर. बाल्कनीचं दार उघडताना आधी मागे बघणे. बादल्यांवर झाकणं. बेसिनच्या नळाचा खालचा व्हॉल्व्ह बंद केला आहे, तिला माहीत नाही.